पासिंग झालेली जुनी गाडी: गोव्याच्या खाऱ्या हवेत विकत घेण्याआधी काय तपासायचं

खाजगी गाडी एकदा रस्त्यावर आली की पुढची १५ वर्षं सरकारतर्फे तिच्याखाली कोणी वाकून बघत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्या काळात सक्तीची तपासणी एकच, पीयूसी, म्हणजे धुराची. १५ वर्षं भरली की गाडी मोटार वाहन निरीक्षकापुढे उभी राहते. पास झाली की नोंदणी ५ वर्षांनी वाढते. यालाच आपण पासिंग म्हणतो. विकणारा आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, पुढे करतो, "अजून साडेचार वर्षं पासिंग आहे" म्हणतो, आणि घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

माझाही पडला होता. डिचोलीत मी एप्रिल महिन्यात एक जुनी छोटी गाडी घेतली. पासिंग जेमतेम चार महिन्यांपूर्वीचं, रंग चकचकीत, खालून काळंभोर कोटिंग. जूनमध्ये साखळीहून चोर्ल्याच्या घाटात चढताना पायाला गार लागलं म्हणून बघितलं, तर मॅटखाली पाणी. मेस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ तळाला ठोकली, तर कोटिंगसकट पत्र्याचा तुकडा खाली आला. मला खरी भीती वाटली ती त्याच्या शेजारचा ब्रेकचा पाईप बघून. गंजून त्याच्या खपल्या निघत होत्या. मेस्त्री म्हणाले, "घाटात हा फुटला असता तर पाय कितीही दाबून काय झालं असतं?"

पासिंगचा कागद खोटा नव्हता. त्या दिवशी दिवे लागले असतील, हॉर्न वाजला असेल, ब्रेकही धरला असेल. निरीक्षकाला दिसलं ते खरंच होतं. पण त्या तपासणीत दिसतं त्याच्या पलीकडे गाडी सडते, आणि गोव्यात ती नेमकी तिथेच सडते. म्हणून पासिंग ही खालची पायरी धरा. वरची तपासणी आपण आपली करायची. ती कशी, ते क्रमाने सांगतो.

पासिंग कितपत भरवशाचं?

निरीक्षक गाडीचा चेसिस नंबर आरसीशी ताडतो. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, आरसे, सीटबेल्ट, टायर, ब्रेक, स्टिअरिंग, नंबरप्लेट, बाहेरचा पत्रा बघतो. जिथे यंत्रावर तपासणी होते तिथे रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक मोजला जातो, हेडलाइटचा झोत मोजला जातो. तीही चांगलीच तपासणी, पण त्या दिवसापुरती.

शिवाय नियमांची मर्यादा सैल असते. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्टिअरिंगची ढिलाई ३० अंशांपर्यंत चालते. आजच्या छोट्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये ३० अंश ढिलाई असेल तर ती गाडी मी घराच्या फाटकाबाहेरसुद्धा काढणार नाही. टायरचंही तसंच. नक्षी १.६ मिलिमीटर उरली तरी नियम पाळला जातो. पण आपल्या जून-जुलैच्या पावसात, जांभ्याच्या चिखलाने बुळबुळीत झालेल्या रस्त्यावर, तेवढ्या नक्षीवर गाडी घसरायला एक वळण पुरतं. मी ३ मिलिमीटरच्या खाली गेलेले टायर बदलायचे म्हणूनच हिशेबात धरतो.

आणि १४ वर्षांची गाडी असेल तर? तिची अशी तपासणी एकदाही झालेली नसते. अशी गाडी घ्यायची असेल तर पासिंगचा खर्च आणि धोका दोन्ही आपल्या माथी येणार, हे धरूनच भाव करा.

आधी कागद, मग गाडी

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन ॲपवर टाका. नोंदणीची तारीख, वैधता, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा, चलनं, काळ्या यादीची नोंद, सगळं समजतं. बोजा दिसला तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

नंबर जीए नसेल तर थोडं थांबा. सावंतवाडी-कुडाळकडच्या एमएच-०७ किंवा बेळगावच्या केए-२२ गाड्या आपल्याकडे सहज मिळतात आणि त्यांत चांगल्याही असतात. पण दुसऱ्या राज्याची गाडी इथे १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते आणि गोव्याचा रस्ताकर वेगळा भरावा लागतो. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या गाड्या बाहेरच्या राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. गाडी कोरड्या हवेतली, पत्रा चांगला, हे खरं असू शकतं. तरी कर आणि एनओसीचा खर्च मिळवून मगच ती स्वस्त आहे का ते ठरवा.

भाड्याने फिरलेल्या गाड्यांकडे गोव्यात विशेष लक्ष द्यायला हवं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली रेंट-अ-कॅब काही वर्षांनी खाजगी करून पांढऱ्या पाटीवर विकली जाते. कायद्याने यात काही गैर नाही. उलट व्यावसायिक गाडीला ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं, म्हणजे कागदावर तिची तपासणी जास्त झालेली असते. पण चालवणारा रोज नवा. किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा असूनही दर मोसमात अशा गाड्या वाळूत रुतल्याच्या बातम्या येतात. म्हणून स्टेपनीचा खळगा उघडून बोट फिरवा. कोपऱ्यात बारीक वाळू आणि खाली गंज दिसला तर ती गाडी समुद्राच्या पाण्यापर्यंत जाऊन आली असं समजा. जुन्या विम्याची पॉलिसी मागा. गाडी आधी कोणत्या वापराची होती ते तिच्यावर लिहिलेलं असतं.

आता चेसिस नंबर. छोट्या गाड्यांत तो बहुधा इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर कोरलेला असतो, आणि किनारपट्टीच्या गाड्यांत तोच भाग गंजतो. पासिंगला त्याचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. अक्षरं उमटली नाहीत तर बाकी गाडी उत्तम असली तरी काम तिथेच अडतं. म्हणून सोबत पांढरा पातळ कागद आणि शिसपेन्सिल न्या, विकणाऱ्यासमोर ठसा घ्या आणि आरसीतल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. नंबरावर मळ असेल तर डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर कधीच लावू नका. आणि "मेस्त्रीकडून परत कोरून देतो" असं कोणी म्हणालं तर सरळ उठून या. आरटीओच्या परवानगीशिवाय चेसिस नंबर कोरणं हा गुन्हा आहे.

पत्रा: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

गोव्यात गाडी तीन बाजूंनी खाल्ली जाते. किनाऱ्याची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि तांबडी माती. उसगाव, साखळी, धारबांदोडा भागातल्या गाड्यांच्या तळाला खाणींच्या वाटांवरचा बारीक चिखल बसतो. तो वाळून कवच होतो आणि आतला ओलावा धरून ठेवतो. चोडण, दिवाडीच्या फेरीबोटीने रोज जाणाऱ्या गाडीची चाकं भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावर मचूळ पाण्यातून जातात. म्हणून गाडी कुठल्या गावात आणि कुठे उभी असायची, छपराखाली की माडाखाली उघड्यावर, हे किलोमीटरच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

गाडी रॅम्पवर घेतल्याशिवाय सौदा करू नका. विकणाऱ्याला रॅम्प नको असेल तर तेवढंच कारण नको म्हणायला पुरेसं आहे. जवळच्या गॅरेजला तासाभराचे पैसे द्या, टॉर्च घ्या आणि स्वतः खाली उभे राहा.

आधी दोन्ही बाजूंच्या दारांखालची पट्टी बघा, जिच्यावर जॅक लागतो. जॅकची जागा चेपून आत गेली असेल किंवा अंगठ्याने दाबल्यावर करकरली, तर आतून सडलेली आहे. मग मागच्या चाकांच्या कमानी आतल्या बाजूने. मग मागचा ॲक्सल जिथे बॉडीला बोल्टने जोडला जातो ती जागा. तिथे भेग किंवा वेल्डिंगचे नवे टाके दिसले तर मी गाडी सोडून देतो. किंमत कितीही उतरली तरी. बाकी पत्रा बदलता येतो, पण ही जोडणी मूळची सरळ होती तशी पुन्हा बसवणारे हात फार थोडे.

बॉनेट उघडून पुढच्या सस्पेन्शनचे दोन्ही वरचे घुमट बघा. बोल्टांभोवती रंग फुगलेला, तडकलेला असेल तर खालून ओल शिरली आहे. त्याच वेळी वायपरखालची जाळी उचला. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पाल्याचा थर साचतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि ते पाणी ब्लोअरच्या वाटेने आत पुढच्या सीटच्या पायाशी उतरतं. माझ्या गाडीचा तळ असाच सडला होता. दोष कुजलेल्या पानांचा, आणि मॅट चार वर्षं कोणी उचलली नाही त्याचा.

म्हणून मॅट उचला, त्याखालचं कार्पेटही उचला. कुबट वास आला, फोम दमट लागला तर तिथला पत्रा बोटाने चाचपा. दारांच्या खालच्या कडेची भोकं मोकळी आहेत का बघा.

ताजं काळं कोटिंग हा विक्रीआधीचा नेहमीचा उपाय. ते लावणं वाईट नाही, पण गंज न खरवडता वरून फासलं तर ओल आत कोंडते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने जागोजागी ठोका. चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला बद्द वाजतो. वरच्या रंगासाठी फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. बंपर प्लॅस्टिकचे असतात, तिथे चुंबक धरणारच नाही. तेवढ्यावरून शंका घेऊ नका.

शक्य असेल तर गाडी पावसाळ्यातच बघा, आदल्या रात्री धो धो पडून गेल्यावर. उन्हाळ्यात लपलेलं सगळं तेव्हा उघडं पडतं. पण चवथीआधी गाडी दारात हवीच, या घाईने पहिली मिळेल ती उचलू नका. गणपतीला बसने गेलात तरी चालेल.

ब्रेक

इंजिन बंद असताना ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे ते कडक होईल. पाय तसाच ठेवून गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर पायाच्या दाबाला जोड देणारा बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूम नळी गेली. आता इंजिन चालू ठेवून अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरा. पेडल हळूहळू खाली बुडत गेलं तर मास्टर सिलिंडर आतून गळतो आहे, किंवा कुठेतरी तेल बाहेर पडतं आहे.

छोट्या गाड्यांना पुढे डिस्क, मागे ड्रम असतात. मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर पाझरतो आणि तेल लायनरवर पसरतं. मग रोलरवर एका बाजूचा ब्रेक कमी येतो. ही पासिंगला नापास होण्याची अगदी ठरलेली तऱ्हा. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओघळ शोधा. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगात, मागे कोणी नाही हे बघून, जरा जोरात ब्रेक लावा. गाडी एका बाजूला ओढली तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हँडब्रेक चढावरच तपासा. पणजीत किंवा म्हापशात आल्तिनोची चढण आहेच. पाच-सात खटक्यांत गाडी जागेवर थांबली पाहिजे. दहाच्या वर खटके लागले तर केबल ताणली आहे किंवा ड्रमचं काम आहे. काही गाड्यांत उलटं होतं. पावसात हँडब्रेक लावून आठवडाभर उभी राहिली की लायनर ड्रमला चिकटतात. आपली गाडी पावसाळ्यात जास्त दिवस उभी राहणार असेल तर ती सपाटीवर गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक मोकळा सोडा.

ब्रेकचे लोखंडी पाईप तळाखालून मागे जातात. टॉर्चने पूर्ण लांबीभर बघा, विशेषतः क्लिपांच्या जागी, कारण तिथे माती साचते. वरवरचा तांबूस डाग पुसून जातो. खपली उचकटत असेल तर पाईप बदलायचाच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ते बदललेलं बरं. डबीतलं तेल काळपट दिसलं तर फार वर्षं कोणी हात लावलेला नाही.

स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर

जॅकवर पुढचं चाक उचला. वरून-खालून धरून हलवलं आणि खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर टाय रॉडचं टोक. गावातल्या गतिरोधकांवर सावकाश जाताना येणारा टकटक आवाज बहुधा लिंक रॉडचा किंवा लोअर आर्मच्या बुशचा असतो. ही कामं फार खर्चाची नाहीत, भावात वजा करून घ्या.

टायरवर गोलाकार चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी सहा-सात वर्षांच्या टायरच्या बाजूंना बारीक भेगा पडलेल्या असतात. टायर एकाच कडेला झिजलेला असेल तर अलाइनमेंट तरी गेली आहे, नाहीतर बॉडी वाकली आहे. स्टेपनी विसरू नका.

दिवे आणि वायरिंग

सर्वांत जास्त गाड्या इथेच परत पाठवल्या जातात, आणि तेही साध्या कारणांनी. नंबरप्लेटवरचा छोटा दिवा लागत नाही. रिव्हर्सचा लागत नाही. हेडलाइटचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं असतं. त्याला पॉलिश करता येतं. बाहेरून बसवलेले डोळे दिपवणारे पांढरे दिवे काढून मूळचे बसवा.

मागच्या दिव्यांची एक परीक्षा करा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मिणमिणला, तर अर्थिंग गंजलं आहे. दिव्याच्या जोडणीत हिरवट पावडर दिसेल. हे साफ करणं अर्ध्या तासाचं काम, पण असाच गंज इतर जोडण्यांतही असणार हे ओळखा. चावी फिरवल्यावर इंजिनाचा आणि एअरबॅगचा इशारा देणारे दिवे आधी लागले पाहिजेत, मग इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. जो लागतच नाही, तो कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

काचांवरची काळी फिल्म आधीच काढा. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यावा असा नियम आहे. बॉडीचा रंग बदललेला असेल किंवा गॅसचं किट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी.

धूर

पेट्रोल गाडी बीएस-४, म्हणजे धुराच्या भारत स्टेज ४ निकषाची, असेल तर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवेत. बीएस-२ आणि बीएस-३ गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम चालतात. विकणाऱ्याकडून नुसतं "पास" लिहिलेलं घेऊ नका, आकडे बघा. शक्य असेल तर समोर नवी पीयूसी काढा.

कार्बन मोनॉक्साइड वाढलेला म्हणजे पेट्रोल जास्त जातं आहे. एअर फिल्टर किंवा ऑक्सिजन सेन्सर तपासा. हायड्रोकार्बन वाढलेला म्हणजे न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं आहे. तिथे स्पार्क प्लगपासून सुरुवात करा. दोन्ही वाढलेले आणि इंजिन एरवी ठीक असेल तर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर संपलेला असू शकतो, आणि तो महाग असतो. बीएस-४ गाडीत वाढवलेल्या आरपीएमवर लॅम्डा नावाचा, हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा आकडाही बघतात. तो ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. सायलेन्सरला गंजून भोक पडलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि हा आकडा बिघडतो. आपल्याकडे कित्येक जण सेन्सर बदलत बसतात आणि दोष निघतो सायलेन्सरच्या सांध्यात. चाचणीला जाताना गाडी १५-२० मिनिटं चालवून गरम करा. थंड इंजिनावर चांगली गाडीही नापास होते.

पासिंग आपल्याला करायचं असेल तर

मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून फॉर्म २५ भरता येतो. शुल्क एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० रुपये आहे, २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,०००. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये वर. विमा आणि पीयूसी चालू हवेत, थकलेला कर आणि चलनं आधी भरा. आदल्या दिवशी गाडी धुऊन घ्या, चेसिस नंबर दिसेल असा पुसा, आणि रात्री कोणाला तरी मागे उभं करून एकेक दिवा लावून बघा. नापास झाली तर दोष लिहून घ्या, तेवढेच दुरुस्त करून पुन्हा न्या.

सौदा ठरला की फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या त्याच दिवशी करा. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्जही १४ दिवसांतच द्यावा लागतो, आणि नेमका तोच राहून जातो.

माझ्या गाडीचा तळ मी कापून नवा पत्रा घालून घेतला, ब्रेकचे पाईप सगळे बदलले. आता ती दर मे महिन्यात रॅम्पवर जाते. वायपरखालचा पाला काढतो, दारांची भोकं मोकळी करतो, कोटिंग निघालं असेल तिथे गंज खरवडून पुन्हा लावतो. पाऊस संपला की तळाला नुसत्या गोड्या पाण्याचा फवारा मारून दोन दिवस उन्हात उभी ठेवतो, चारही मॅट बाहेर काढून.